अंगावर पाजताना लस: घ्यावी की थांबावं? तुमचे अनुभव लिहा

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या धाकट्या जावेला गल्लीतलं कुत्रं चावलं. पोटरीला, चांगलं रक्त येईपर्यंत. तिचं बाळ अडीच महिन्यांचं. नळाखाली पाय धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतला आणि बाळाला घेऊनच आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. पोहोचेपर्यंत घरून तीन फोन आले, तिन्ही फोनांत एकच: "इंजेक्शन घेतलं की आता पाजायचं नाही." एक काकू म्हणाल्या, सगळे डोस होईपर्यंत डब्याचं दूध द्या. डॉक्टरीणबाईंनी जखमेत रेबीजविरोधी सीरम टोचलं, दोन्ही दंडांवर लस दिली, ३, ७ आणि २८व्या दिवसाच्या तारखा कागदावर लिहिल्या आणि म्हणाल्या, "पाजायचं. आत्ताच पाजा, किती रडतंय ते." रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, त्यामुळे लस घ्यायची की नाही हा प्रश्न तिथे नव्हताच. पण एवढं ऐकूनही जाऊ बाळाला जवळ घेईना. ब्लाउज ओला झालेला, छाती दगडासारखी, आणि बाळ माझ्या मांडीवर.

मीही अशीच बसले होते, जून २०२१ मध्ये. कोविडची लस घेऊन आले होते, मुलगा पाच महिन्यांचा. स्तनदा मातांना लस घेता येईल असं केंद्राने १९ मेला जाहीर केलं, पण तेव्हा आपल्याकडे लसींचा तुटवडा होता, अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांचं लसीकरण राज्याने थांबवलेलं. मला मिळाली ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस काढून टाकून दे. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ फोनवर म्हणाल्या, कोव्हिशील्डमधला विषाणू शरीरात वाढूच शकत नाही, कोव्हॅक्सिनमधला तर मारलेलाच असतो, दुधातून बाळाला काय जाणार? गेल्याच तर तुझ्या अँटिबॉडी जातील. कळलं सगळं. तरीही पाजल्यावर रात्रभर त्याच्या कपाळाला हात लावून बसले होते.

म्हणून हा धागा. सल्ला नको, तो डॉक्टरांकडून घ्यावा. तुमच्या घरी काय झालं, कोणी काय म्हटलं, तुम्ही काय ठरवलं आणि का, ते लिहा. घेतली नसेल तर तेही लिहा. त्या वर्षी सगळे एकच विचारत होते, लसीने बाळाला काय होईल. लस न घेता आईला कोविड झाला तर बाळाचं काय होईल, हे माझ्या घरात कोणी विचारलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

अमरावती, परिचारिका. बाळ तेव्हा सात महिन्यांचं

जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिल्या यादीत माझं नाव होतं. वॉर्डातल्या सगळ्या जणी नटूनथटून गेल्या होत्या, मीही गेले. टेबलावरच्या ताईने विचारलं, "गरोदर किंवा स्तनदा?" नियमच होता. या लसींच्या चाचण्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांवर झाल्या नव्हत्या, म्हणून त्यांना द्यायची नाही. माझ्या मैत्रिणीने आधीच कानात सांगितलं होतं, "नाही म्हण, कोण बघतंय." माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. स्तनदा म्हटलं आणि परत आले.

मला राग लसीचा नाही. राग याचा, की लस द्यायला मी चालत नव्हते, पण कोविड वॉर्डात ड्यूटी करायला चालत होते. आमच्याकडे दुसरी लाट सगळ्यांच्या आधी आली, फेब्रुवारीतच शहर बंद झालं. सहा तास पीपीई किटमध्ये, दूध भरून आलं की आतल्या आत भिजायचं. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग केस कोरडे होईपर्यंत दाराबाहेर, मग बाळ. सासरे पाळण्याजवळ बसून राहायचे, मी येईपर्यंत त्याला पाण्याचा चमचा दाखवून गप्प करायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पॉझिटिव्ह आले. पाजणं सोडलं नाही. मास्क लावायचा, हात धुवायचे, पाजायचं, आणि लगेच बाळाला सासूबाईंकडे द्यायचं. बाळाला एक दिवस कणकण आली, तेवढंच. मे महिन्यात नियम बदलला, त्यात कोविड होऊन गेलेल्यांनी तीन महिने थांबायचं असंही होतं. माझे तीन महिने भरले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच टेबलासमोर उभी राहिले. यावेळी मीच आधी सांगितलं, "स्तनदा आहे. द्या."

पनवेल

मी फार विचार केला नाही. घेतली, रात्री ताप आला, पॅरासिटामॉल घेतली, पाजत राहिले. दंड दुखत होता म्हणून दोन दिवस पोराला दुसऱ्या कुशीवर घेतलं. दूध कमी झालं नाही.

लीड्स (इंग्लंड), मूळची सांगलीची. मुलगी दीड महिन्याची

इथे डिसेंबर २०२०च्या सुरुवातीला लस आली तेव्हा पाजणाऱ्या बायकांना नाहीच म्हणत होते. ३० डिसेंबरला सल्ला बदलला. तीन आठवड्यांत 'नको'चं 'हो' झालं, आणि मला नेमकी याचीच भीती वाटली. एवढ्यात असं काय कळलं यांना? मिडवाइफला विचारलं तर ती म्हणाली, नवीन काही धोका सापडला म्हणून आधी नको म्हटलं नव्हतं, माहिती नव्हती म्हणून म्हटलं होतं. हे कोणी आधीच नीट सांगितलं असतं तर माझ्या चार रात्री वाचल्या असत्या. दवाखान्यात साहाय्यक म्हणून कामावर परत जायचं होतं, म्हणून जानेवारीअखेर फायझरची घेतली.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. तिसऱ्या दिवशी, ज्या दंडावर लस घेतली त्याच बाजूच्या काखेत लिंबाएवढी गाठ आली. पाजताना हाताला लागली आणि पायाखालची जमीन सरकली. आमच्या घरात आत्याला स्तनाचा कर्करोग झालेला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायची हिंमत झाली नाही. डॉक्टर म्हणाले, लसीमुळे काखेतल्या लसिका ग्रंथी सुजतात, वाट बघा, उतरली नाही तर परत या. दहा दिवसांत उतरली. कोणाला असं झालं तर घाबरू नका, पण दाखवा मात्र नक्की.

यवतमाळ जिल्हा, आशा सेविका

आमच्या गावात मी घरोघरी फिरून सांगायची, लस घ्या. आणि बाया मला विचारायच्या, "ताई, तू घेतली का?" काय सांगू? माझं लेकरू वर्षाचं, अंगावर पिणारं, मला तर देतच नव्हते. चार महिने मी ते ऐकलं. एक म्हातारी तर तोंडावर बोलली, "सोता नाही घेत अन् आमच्या सुना माराले निघाली."

मे संपता संपता शाळेच्या वऱ्हांड्यात सत्र लागलं. मी ठरवलंच होतं, सगळ्यांसमोर घ्यायची. सकाळी स्वयंपाक केला, लेकराला कडेवर घेतलं, रांगेत पहिली उभी राहिली. लस घेतल्यावर अर्धा तास बसवतात ना, तिथंच सतरंजीवर बसून लेकराला पाजलं. बाया खिडकीतून पाहत होत्या.

मग आठ दिवस माझ्या घरी येणंजाणं. कोणी मीठ मागायला, कोणी उगाच. नजर सारी माझ्या लेकरावर. शेजारची तर सरळ विचारायची, "दूध आटलं का व?" मी म्हणायची, ये, पाहून घे. मला ताप आला होता एक रात्र, तेही सांगितलं, लपवलं नाही. लपवलं असतं अन् नंतर दुसरीला ताप आला असता, तर माझ्यावरचा भरवसाच गेला असता.

पुढच्या सत्राला आमच्या पाड्यावरच्या पाच लेकुरवाळ्या आल्या. पाच म्हणजे कोणाला कमी वाटतील. मला एकेकीच्या घरी चारचार चकरा झाल्या होत्या.

कोल्हापूर. मुलगा तीन महिन्यांचा

मी लगेच घेतली नाही, तेही लिहिते.

सिझर झाल्यावर माझ्या पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. महिनाभर पोटात इंजेक्शनं घेत होते. त्यातच बातम्या येऊ लागल्या, युरोपात ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर काहींना गुठळ्या झाल्या, ब्रिटनने चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो वेगळी लस द्यायचं ठरवलं. आपली कोव्हिशील्ड म्हणजे तीच लस. रात्री पाजताना एका हातात मोबाईल आणि हेच वाचत बसायचं.

आमच्या फिजिशियनांनी मला अर्धा तास दिला, गर्दी असताना. म्हणाले, ती गुठळी आणि तुमची गुठळी वेगळी. तिच्यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्समधल्या एका प्रथिनाच्या विरोधात अँटिबॉडी तयार करतं, गुठळ्या होतात आणि प्लेटलेट्स उतरतात. हे फार क्वचित होतं, आणि तुमच्या पायात जे झालं त्याने तो धोका वाढतो असं दिसलेलं नाही. उलट कोविडमध्येच गुठळ्या जास्त होतात. त्यांचं पटलं. पण पटणं वेगळं आणि दंड पुढे करणं वेगळं. मी सांगितलं, मला कोव्हॅक्सिनच हवी. ते म्हणाले, मग मिळेपर्यंत घराबाहेर पडू नका.

ती मिळायला ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात घरात कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा मी पगार देऊन घरी बसवलं होतं. मी थांबले ते बरोबर केलं असं म्हणणार नाही. काही झालं नाही, हे नशीब.

सिन्नर

माझी धाकटी बहीण एप्रिल २०२१ मध्ये गेली. सव्वीस वर्षांची. तिचा मुलगा पाच महिन्यांचा होता. लस घ्यावी की नाही हा प्रश्न तिला पडलाच नाही, कारण तिच्या वयाला लस खुली झाली ती १ मेपासून, आणि पाजणाऱ्यांना त्यानंतर.

बेड शोधण्यात दोन दिवस गेले. त्याबद्दल लिहीत नाही.

बाळाला घरी आणलं तेव्हा ते बाटली तोंडात धरेना. वाटीचमच्याने पाजलं तर बाहेर काढायचं. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची, माझं दूध चालू होतं. दुसऱ्या रात्री दोन वाजता आई म्हणाली, "घे गं त्याला." मी घेतलं. आधी त्याने तोंड फिरवलं, माझा वास वेगळा असणार. मग आईने बहिणीचा गाऊन आणून माझ्या खांद्यावर टाकला. तेव्हा तो प्यायला.

त्यानंतर लसीचा प्रश्न आला तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, आता दोन बाळं तुझ्यावर आहेत, धोका नको. मी म्हटलं, दोन आहेत म्हणूनच. जूनमध्ये तिशीच्या पुढच्यांना खुली झाली त्याच आठवड्यात घेतली. मला तापही आला नाही. दोघं शांत झोपले होते, मीच रडत होते.

तो आता बालवाडीत जातो. मला आईच म्हणतो.

नैरोबी

सिन्नरच्या ताई, काय लिहावं कळत नाही. तुम्हाला नमस्कार.

माझं थोडं वेगळं आहे, पण सगळ्या लसी सारख्या नसतात हे इथे यावं म्हणून लिहिते. मिस्टरांची बदली केनियाला झाली तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. इकडे यायचं तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. मुंबईला लसीकरण केंद्रावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "अंगावर पाजता? मग जाणं पुढे ढकलता येईल?" ही लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. ब्राझीलमध्ये २००९ साली आईला ही लस दिल्यावर, फक्त तिच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाच्या मेंदूला सूज आली होती. ते बाळ बरं झालं, पण तेव्हापासून पाजणाऱ्या आईचा प्रवास टाळता येत असेल तर थांबा म्हणतात. आम्हाला टाळता येत होता. मुलगी नऊ महिन्यांची झाल्यावर दोघींनी एकाच दिवशी घेतली. मिस्टर पाच महिने एकटे राहिले. कोविडच्या लसीला मी चार दिवसही थांबले नव्हते.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं. सिन्नरच्या ताईंचं वाचून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मी तुला दूध काढून टाकायला सांगितलं होतं ना?"

जावेचा २८व्या दिवसाचा डोस आज झाला. बाळ बरोबर होतं. बाहेरच्या बाकावर बसून तिने त्याला पदराखाली घेतलं होतं, आतून नावाची हाक आली. ती म्हणाली, "दोन मिनिटं थांबा हं ताई, एवढं पिऊन होऊ दे त्याचं."