नवीन मियाटा आली! फोटो टाकलेत, आणि एक प्रश्न: ७२ वर्षांच्या बाबांना यात कसं बसवू?

वाईकर_शार्लटमधे

मंडळी, आली एकदाची. शनिवारी दुपारी घरी आणली. माझदा मियाटा, म्हणजे बाकी जगात जिला एमएक्स-५ म्हणतात ती. क्लब ट्रिम (म्हणजे क्लब नावाची आवृत्ती), २.० लिटर, सहा गिअरची मॅन्युअल, सोल रेड रंग, वर काळं कापडी छप्पर. फोटो टाकलेत पण रंग फोटोत येत नाही हे आधीच सांगतो. उन्हात उभी केली की डाळिंबाचा दाणा उजेडात धरल्यासारखी दिसते, आणि संध्याकाळी गॅरेजमधे शिरताना दाराच्या वळणावर तोच लाल रंग जवळजवळ काळा पडतो, मी दोन दिवस नुसता बघतोय. बायकोने ओवाळलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि पहिली फेरी तिलाच मारून आणली.

छप्पर हाताने उघडायचं, मधे एक खटका आहे तो सोडला आणि मागे ढकललं की झालं, सीटवरून उठायचंही नाही. सिग्नलला लाल दिव्यात होतं. गिअर तर असा पडतो की मनगट हललं की काम झालं, हात हलवायलाच लागत नाही. मी मारुती ८०० वर शिकलो आणि इकडे अमेरिकेत अकरा वर्षं ऑटोमॅटिक चालवली, आता परत डाव्या पायाला काम मिळालंय त्याचा आनंद शब्दात सांगता येत नाही मला.

आता मुद्द्याचं. बाबा पुढच्या महिन्यात येतायत वाईहून, तीन महिन्यांसाठी. एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्यभर घाट. पसरणीचा घाट त्यांनी किती हजार वेळा चढला असेल मोजदाद नाही, जुन्या लेलँडला डबल क्लच (एका गिअरसाठी दोनदा क्लच) मारल्याशिवाय गिअर पडायचाच नाही आणि मी लहानपणी इंजिनच्या बॉनेटशेजारी बसून ते बघत पाचगणीला जायचो. त्यांच्यामुळेच मला गाडीचं वेड लागलं. तर या गाडीत पहिला लांबचा प्रवास त्यांच्याबरोबर करायचा असं मी बुक करतानाच ठरवलेलं. पण त्यांचा उजवा गुडघा बदललाय, डावाही कुरकुरतो, आणि ही गाडी इतकी खाली आहे की छप्पर लावून पण जेमतेम चार फूट. घरात मोठी गाडी आहे, एअरपोर्टवरून तीच नेईन, पण यात बसवायचं असेल तर कसं? कुणी आईवडिलांना बसवलंय का? आणि कुठे नेऊ, टेल ऑफ द ड्रॅगन हा वळणावळणांचा प्रसिद्ध रस्ता डोक्यात आहे. रनिंग फक्त १४० मैल झालंय, पहिल्या हजार मैलांत काय सांभाळायचं तेही सांगा.

घाटवेडी

अभिनंदन हो! रंग फोटोतही सुरेख दिसतोय.

मी इंग्लंडमधे, माझी २००१ ची दुसऱ्या पिढीतली आहे आणि तिच्यात माझ्या सासूबाई (वय ७६) गेल्या उन्हाळ्यात वेल्सला जाऊन आल्या, त्यामुळे हा विषय माझा आहे. नीट वाचा.

छप्पर आधी उघडायचं, बाबा बसायच्या आधी. वरून मोकळं असलं की डोकं वाकवावं लागत नाही आणि निम्मं काम तिथेच होतं. सीट पूर्ण मागे. गाडी फुटपाथला चिकटून लावू नका, ही चूक सगळे करतात, फुटपाथ उंच असतो त्यामुळे सीट अजूनच खाली जाते, रस्त्यावर सपाट जागी उभी करा. मग बाबांनी गाडीकडे पाठ करायची, आणि आधी पाय नाही, आधी बसायचं. खुर्चीवर बसतो तसं सीटवर आडवं बसायचं, तोंड बाहेर, आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. तुमच्याकडे पॅसेंजर उजव्या बाजूला असतो म्हणजे ते डावीकडे वळणार. वळायला त्रास होतो कारण सीटच्या कडा उंच असतात आणि कापड धरून ठेवतं, त्यावर उपाय म्हणजे सीटवर एक साधी प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, अंग सहज फिरतं. बसले की पिशवी काढून घ्यायची बरं का, विसरू नका, नाहीतर ब्रेक मारल्यावर माणूस पुढे सरकतो. सासूबाईंना ऑपरेशननंतर फिजिओथेरपीवालीने शिकवलेली युक्ती आहे ही.

उतरताना उलटं, आणि तुम्ही समोर उभं राहून दोन्ही हात द्या. दाराला धरून उठू देऊ नका, दार हलतं.

आणि गाडीबद्दल एक. छपराचं पाणी जायला सीटच्या मागे दोन्ही बाजूंना भोकं असतात, पानं आणि माती अडकून ती बुजतात. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने ती कधी साफ केली नव्हती, पाणी साचून दाराखालचा पत्रा आतून सडला आणि मला वेल्डिंग करून घ्यावं लागलं. तुमची नवी आहे, आत्तापासून वर्षातून दोनदा बघा. छप्पर ओलं असताना घडी घालून ठेवू नका.

सिंहगडरोड

भारी गाडी. मनापासून अभिनंदन. पण एक विचारतो, राग मानू नका, मला खरंच समजून घ्यायचंय. तेवढ्याच डॉलरच्या आसपास तिकडे चार सिलिंडरची मस्टँग येते ना, ३१५ हॉर्सपॉवर. ही १८१. शिवाय तिला मागे दोन सीट तरी आहेत, डिकी मोठी आहे. मग ही का घेतली? मी इथे पुण्यात बसून सगळे आकडे पाठ करत असतो आणि आकड्यात ही गाडी कधीच जिंकत नाही.

वाईकर_शार्लटमधे

@घाटवेडी ताई, हे सगळं प्रिंट काढून ठेवलं. पिशवीचं कधीच सुचलं नसतं.

@सिंहगडरोड राग कसला, मी दोन्ही चालवून बघितल्या. मस्टँग सरळ रस्त्याला ओढते तेव्हा पोटात गोळा येतो, मस्त गाडी आहे, पण ती सोळाशे किलोच्या वर आणि ही १०७० च्या आसपास. पाचशे किलो म्हणजे अख्खं लग्नाचं वऱ्हाड खाली उतरलं समजा. वळणावर हे अंगाला कळतं, स्टिअरिंग वळवलं की नाक त्याच क्षणी वळतं. आणि १८१ घोडे ७००० आरपीएमला मिळतात, रेडलाइन (त्यावर इंजिन न्यायचं नाही ती हद्द) ७५००, म्हणजे पहिला-दुसरा गिअर पूर्ण ओढला तरी हायवेवर पोलीस पकडतील अशा स्पीडला तुम्ही पोचत नाही. मस्टँगचा सगळा जोर वापरायला मला इथे रस्ताच नाही. मारुती ८०० खंबाटकीत ओढताना जे वाटायचं, की गाडी सगळं देतेय आणि मी सगळं घेतोय, ते मला इतक्या वर्षांनी परत सापडलं.

पंचगंगाकाठ

भावा नाद खुळा! लई झ्याक गाडी घेतलीस.

@सिंहगडरोड दादा, ही गाडी जन्मालाच आली ती आकड्यांसाठी नव्हे. १९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटोंना सुचवलं की इंग्रजांच्या त्या जुन्या हलक्या, दोन सीटच्या उघड्या गाड्या आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल माझदातच कामाला लागला. दहा वर्षांनी फेब्रुवारी १९८९ ला शिकागोच्या शोमधे गाडी आली, १.६ चं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आत. लोटस एलान ही जुनी इंग्रज गाडी डोळ्यापुढे होती पण तेल गळणार नाही, रोज सकाळी सुरू होईल अशी. २०१६ च्या एप्रिलमधे दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमधे जगात एवढ्या कुणाच्याच खपल्या नाहीत. जपानी लोक जिन्बा इत्ताई म्हणतात, घोडा आणि स्वार एक अंग. आमच्याकडं शर्यतीच्या बैलांना आणि गाडीवानाला बघितलेल्या माणसाला ते समजावून सांगायला लागत नाही.

आपल्याकडं पण एक प्रयत्न झालेला, सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ चं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. मी एक लाल बघितली होती कोल्हापुरात, शाळेत होतो, सायकल टाकून मागं पळालोय. गाडी चालली नाही बाजारात. पण कुणीतरी मनावर घेऊन आपल्या मातीत दोन सीटची उघडी गाडी बनवली याचा मला अजून अभिमान वाटतो.

भावा परत येताना इकडं आणायचं डोक्यात असेल तर काढून टाक, आपल्याकडं इम्पोर्टला स्टिअरिंग उजवीकडंच लागतं. तिकडंच मनसोक्त चालव.

डील्सगॅप_दर_ऑक्टोबर

अभिनंदन! मी अटलांटाला, १९९२ ची मियाटा आहे माझ्याकडे, पुढचे लाइट बॉनेटमधून वर उघडणारी. एकवीस वर्षं माझ्याकडे आहे. तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरं देतो.

पहिले सहाशे मैल. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात आहे ते सगळं, लोक वाचत नाहीत. इंजिन रेस करायचं नाही, उभ्या गाडीवरून निघताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, उगाच कचकन ब्रेक नाही, आणि मुख्य म्हणजे एकाच स्पीडला तासन् तास चालवायचं नाही, मग तो कमी असो की जास्त. म्हणजे इंटरस्टेट हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून चारशे मैल, हे या काळात नको. गावातल्या रस्त्यांनी जा, गिअर बदलत राहा. टायरची हवा थंड असताना बघा, २९ पीएसआय आहे दाराच्या स्टिकरवर, टायरवाले सवयीने ३५ भरतात आणि मग गाडी उड्या मारते.

आता ड्रॅगन. नको. ११ मैलात ३१८ वळणं आहेत, मी दर वर्षी जातो आणि मला तो रस्ता जिवापाड आवडतो, पण मजा चालवणाऱ्याला असते. शेजारी बसणाऱ्याला दर काही सेकंदांनी डावीउजवीकडे फेकलं जातं आणि धरायला काही नाही, बदललेल्या गुडघ्याने पाय रोवून बसायचं म्हणजे शिक्षा आहे. शिवाय शनिवार रविवारी मोटरसायकलवाले पलीकडच्या लेनमधून तुमच्या अंगावर येतात. तिथे एक झाड आहे, पडलेल्या मोटरसायकलींचे तुटके भाग टांगलेलं, ट्री ऑफ शेम, ते बघून या हवं तर, पण एकटे असताना.

बाबांना ब्लू रिज पार्कवेला न्या, डोंगरांतून जाणारा निवांत रस्ता आहे. शार्लटहून ब्लोइंग रॉकला जा आणि तिथून दक्षिणेला. ४५ ची लिमिट, ट्रकना बंदी, एकही सिग्नल नाही. ग्रँडफादर माउंटनच्या अंगाला लिन कोव्ह व्हायाडक्ट आहे, १२४३ फूट लांब, डोंगर फोडायला नको म्हणून डोंगराच्या बाहेरून हवेत वळवलेला पूल. १५३ तुकडे जोडलेत आणि त्यातला फक्त एक सरळ आहे. पार्कवे पूर्ण व्हायला हाच तुकडा शेवटचा उरला होता, १९८७ ला रस्ता सलग झाला. घाटात आयुष्य काढलेल्या माणसाला तो पूल दाखवा, ते खाली उतरून खांब बघतील. निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला भाग बंद आहे ते बघा, २०२४ च्या हेलन वादळात पार्कवेची खूप पडझड झाली.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. त्यांना नुसतं शेजारी बसवू नका, एकदा चालवायला द्या. रिकामं पार्किंग बघा, त्या जागेच्या मालकाला विचारा, इन्शुरन्सवाल्याला आधी विचारून उत्तर लेखी घ्या. क्लच हलका आहे, गुडघ्याला झेपेल. माझे वडील आले होते तेव्हा मी हे केलं नाही आणि नंतर ते आले नाहीत.

वाईकर_शार्लटमधे

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, बाबा आल्यापासून हातात फोन राहत नाही.

घाटवेडी ताई, पिशवी चालली! पहिल्या वेळी बसायला दोन मिनिटं लागली, आता ते मला हात लावू देत नाहीत, पिशवी स्वतः पसरतात, बसतात, घडी करून दाराच्या खणात ठेवतात. कानटोपी घालून बसतात उघड्या गाडीत.

अटलांटाच्या काकांनी सांगितलं तसं पार्कवेला गेलो, सकाळी सहाला निघालो. पूल बघायला उतरलो. खालून पायवाट आहे, तिथून खांबांकडे बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, डोंगराला नख लावलेलं नाही रे कुणी. येताना उतारावर मी चौथ्यात होतो तर न बोलता बोटाने तीन दाखवले. तिसरा टाकला, इंजिनने गाडी धरली, ब्रेकवरचा पाय निघाला. मान डोलावली त्यांनी.

आणि कालचं सांगायलाच आलोय. इन्शुरन्सवाल्यांचा होकार ईमेलवर आला होता, ओळखीच्या एकांचं दुकान आहे, रविवारी सकाळी त्यांचं पार्किंग मोकळं असतं. बाबा डावीकडे बसले. पहिल्यांदा डावा हात गिअरसाठी दारावर गेला, दोनदा गेला, मग उजवा सापडला. पहिला टाकला आणि गाडी इतकी अलगद सुटली की मला कळलंच नाही कधी हलली. मी पहिल्या दिवशी तीनदा बंद पाडली होती. दोन गोल चकरा झाल्या, दुसरा, तिसरा, आणि मग कडेला वळताना तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच दाबला, न्यूट्रल, क्लच सोडला, अ‍ॅक्सिलरेटरला नुसतं बोट लावल्यासारखं केलं, आरपीएमचा काटा टुणकन वर गेला, क्लच, दुसरा. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली त्यांना. धक्का नाही, आवाज नाही. मी शेजारी बसून परत सात वर्षांचा झालो होतो, पायाखाली फक्त लेलँडचं बॉनेट नव्हतं.

मी म्हटलं बाबा, हिला डबल क्लच लागत नाही. म्हणाले, लागत नाही, पण मारला तर ओळखते.

वीस मिनिटं चालवली. गुडघा काही बोलला नाही. उतरल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरला पायाने हलकेच ठोकलं, डेपोत मारायचे तसं.

काका, १४ तारखेच्या शनिवारी परत ब्लोइंग रॉकला जातोय. जमेल का यायला? बाबांना तुमची लाइट उघडणारी बघायचीये, आणि ते विचारतायत तिला क्लच प्लेट किती वेळा टाकली.