ॲक्रिंग्टन स्टॅनली : आजचा क्लब १८८८ च्या लीगचा संस्थापक मानावा का?

कडेचा प्रेक्षक (प्रश्न)

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील ॲक्रिंग्टन हे पस्तीस हजारांच्या आसपास वस्तीचे जुने गिरणगाव आहे. १८८८ साली बारा संघांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली, त्या बारांत ॲक्रिंग्टनचे नाव आढळते. आज खालच्या श्रेणीत खेळणारा ॲक्रिंग्टन स्टॅनली हाही याच गावचा असल्यामुळे त्याला सर्रास लीगचा संस्थापक म्हटले जाते. हे कितपत बरोबर आहे? शिवाय १९६२ मध्ये हंगाम चालू असतानाच या क्लबने लीगचा राजीनामा का दिला, हेही जाणकारांनी सांगावे.

मधली फळी

संस्थापक क्लब वेगळा होता. तो थॉर्नीहोम रोडवरच्या क्रिकेट मैदानावर खेळत असे. १९९१ मध्ये शेन वॉर्न ज्या ॲक्रिंग्टन क्रिकेट क्लबकडून खेळला, त्याचेच हे मैदान. १८९२-९३ च्या हंगामात हा संघ सोळांत पंधरावा आला, पहिल्या श्रेणीत कोण राहणार हे ठरवणारा शेफील्ड युनायटेडविरुद्धचा सामना ०-१ असा हरला आणि दुसऱ्या श्रेणीत खेळण्यापेक्षा लीगमधून बाहेर पडणे त्याने पसंत केले. १८९६ मध्ये तो बंद पडला. स्टॅनलीचा जन्म १८९१ चा. स्टॅनली स्ट्रीट परिसरातील मंडळींनी ‘स्टॅनली व्हिला’ या नावाने संघ उभा केला होता आणि गावाचा मोठा क्लब गेल्यावर त्यांनी गावाचे नाव आपल्या संघाला जोडले. लीगमध्ये त्यांना प्रवेश मिळाला तो थेट १९२१ साली, तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर विभागात.

जुना स्कोअरबोर्ड

राजीनाम्याबद्दल लिहितो. १९५५ आणि १९५८ या दोन्ही वर्षी स्टॅनली उत्तर विभागात दुसरा आला, परंतु त्या काळी फक्त विजेत्यालाच बढती मिळत असे. १९५५ च्या सुमारास तर व्यवस्थापक वॉल्टर गॅलब्रेथ यांनी अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडचे असलेला संघ मैदानात उतरवला होता. १९५८ मध्ये प्रादेशिक विभाग मोडून देशव्यापी तिसरी आणि चौथी श्रेणी करण्यात आली; प्रवास लांबले, शेजारच्या गावांविरुद्धचे गर्दी खेचणारे सामने कमी झाले. नेमक्या त्याच वर्षी क्लबने ऑल्डरशॉट येथील लष्करी कवायतींसाठी बांधलेली प्रेक्षकगॅलरी १,४५० पौंडांना विकत घेतली. ती इंग्लंडच्या दक्षिणेकडून उचलून आपल्या पील पार्क मैदानावर पुन्हा उभी करण्याचा खर्च मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. बहुतेक जण सगळा दोष या गॅलरीच्या माथी मारतात. माझ्या मते तिने कर्ज वाढवले हे खरे, पण उत्पन्नाचा कणा मोडला तो श्रेणींच्या फेररचनेमुळे.

२ मार्च १९६२ रोजी क्रू अलेक्झांड्राविरुद्ध ०-४ असा पराभव झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच राजीनाम्याचे पत्र गेले. मदतीची आशा दिसताच संचालकांनी ते मागे घेण्याची विनंती केली. लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी ती फेटाळली. त्या हंगामात खेळलेले सर्व ३३ सामने नोंदींतून पुसले गेले आणि रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. लेखी अर्ज आल्यावर नियमाने ते योग्यच होते असे कुणी म्हणेल, परंतु सत्तर वर्षांचा क्लब वाचवण्यासाठी आणखी काही दिवस थांबायला काहीच हरकत नव्हती, असे मला मनापासून वाटते.

कडेचा प्रेक्षक

सविस्तर माहितीबद्दल आभार. मग आजचा स्टॅनली १८९१ च्या स्टॅनलीचाच वारस मानायचा का?

उत्तरेचा पाहुणा

कायद्याने नाही. जुना क्लब लँकेशर कॉम्बिनेशन या प्रादेशिक स्पर्धेत रखडत राहिला आणि १९६६ मध्ये संपला. १९६८ मध्ये नवा क्लब स्थापन झाला व १९७० पासून क्राउन ग्राउंडवर खेळू लागला. तरीही वारसा मी मान्य करतो, कारण गाव तेच, नाव तेच आणि तो उभा करणारे लोकही गावचेच. वर येण्याची किल्ली मात्र एका करारात होती. आघाडीचा खेळाडू ब्रेट ऑर्मरॉड याला १९९७ मध्ये ब्लॅकपूलला विकताना पुढच्या विक्रीतील चौथा हिस्सा क्लबने राखून ठेवला. २००१ मध्ये साउदॅम्प्टनने त्याच्यासाठी साडेसतरा लाख पौंड मोजले, तेव्हा त्या एका कलमाने चार लाखांहून अधिक पौंड मिळवून दिले. तेव्हाचे व्यवस्थापक जॉन कोलमन यांच्या संघबांधणीला त्या पैशाचे बळ मिळाले. २००६ मध्ये स्टॅनली लीगमध्ये परतला आणि त्याच हंगामात लीगमधून खाली गेलेल्या दोन संघांपैकी एक होता ऑक्सफर्ड युनायटेड. २०१८ मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून क्लबने तिसऱ्या श्रेणीत प्रवेश केला आणि २०२३ पर्यंत तिथे टिकून राहिला.