डाएट सोडल्यावर वजन परत का चढतं?

नाशिककर:
गेल्या वर्षी डाएट करून बऱ्यापैकी वजन उतरवलं, आताही खाणं बेतानंच आहे, रात्री एक भाकरी नि पालेभाजी, तरी काटा वर सरकतोय आणि भूक तर आधीपेक्षा जास्त लागते. घरचे म्हणतात तोंडावर ताबा नाही. हे हार्मोन्समुळे होतं का?

मेघा_प:
हो, आणि घरच्यांना हे वाचून दाखवा. चरबी घटली की लेप्टिन, म्हणजे चरबीतून येणारं भूक आवरणारं हार्मोन, खाली येतं, मेंदूला वाटतं उपासमार चाललीय, वर जठरातलं भूक लावणारं हार्मोन घ्रेलिन वाढतं म्हणून भूक खवळते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये छापलंय, १० आठवडे अगदी कमी कॅलरीचं डाएट दिलं तर वर्षभरानंतरही हे हार्मोन्स मूळ पातळीवर आले नव्हते. वर्षभर! ताब्याचं काय घेऊन बसलेत.

सह्यकडा:
शिवाय शरीर कॅलरीही कमी जाळतं. भाकरीसोबत उसळ, दही, अंडी घ्या, प्रोटीननं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, आणि स्नायू टिकायला थोडी वजनं उचला. सारखी थंडी वाजत असेल, थकवा असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या.

मेघा_प:
आणि झोप! जागरणानं पण भूक वाढते.