नदीवरचं सुनीत शार्दूलविक्रीडितात शोभतं का?

रावपुरेकर: केशवसुतांनी १८९२ साली सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, मराठीत आणलं, आणि पुढे सुनीत म्हटलं की एकोणीस अक्षरी शार्दूलविक्रीडित वृत्त असं ठरूनच गेलं. नदीला ते वृत्त मानवत नाही, असं माझं ठाम मत आहे. शेजारची गुजराती बघा. बळवंतराय ठाकोरांचं १८८८ मधलं ‘भणकारा’ हे सुनीत रेवेकाठचं, म्हणजे नर्मदेकाठचं आहे आणि मंदाक्रांता वृत्तात आहे. ओळीच्या सुरुवातीच्या चार गुरूंवर (दीर्घ अक्षरांवर) पाणी पसरतं, पुढच्या पाच लघूंवर (ऱ्हस्व अक्षरांवर) धावतं. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीवर मी सुरुवात केलीय:

काळाघोडा-पुलतळि उभे सांजचे संथ पाणी

दांडियाबाजार: ओळ चोख बसलीय. पण नदी म्हणजे फक्त सांजवेळ का? ऑगस्ट २०२४ मध्ये हीच विश्वामित्री घराघरांत शिरली, मगरी रस्त्यावर आल्या. तो लोंढा पेलायला एकोणीस अक्षरांचाच दम हवा. मंदाक्रांता मेघदूतातल्या विरही यक्षाची. नदीला कशाला झुरायला लावता?

रावपुरेकर: अहो, त्याच मेघदूतात विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटलेली रेवाही आहे!

सुरसागर: खरी मेख नवव्या ओळीत आहे. अष्टकात (पहिल्या आठ ओळींत) सांज, षट्कात (उरलेल्या सहांत) पूर, असं वळण घ्या. शेक्सपिअरच्या धर्तीवर पूर शेवटच्या दोन ओळींत कोंबलात तर त्याचं सुभाषित होईल. आणि षट्क पृथ्वी वृत्तात लिहा. ठाकोरांनीच पुढे पृथ्वी उचलून धरली, कारण यतीवर (ओळीतल्या ठरलेल्या विरामावर) न अडता वाक्य एका ओळीतून दुसरीत उतरतं.

दांडियाबाजार: चौदा ओळींत दोन वृत्तं? मग त्याला सुनीत म्हणू नका.

सुरसागर: महाकाव्यात सर्गाच्या शेवटी वृत्त बदलतंच ना? इथे तर दोन्ही सतरा अक्षरी.

दांडियाबाजार: सर्ग लांबलचक असतो, तिथे कान मुरलेला असतो. इथे चाल अंगवळणी पडते न पडते तोच तुम्ही ती मोडणार.

रावपुरेकर: मला ती मोडलेलीच हवी आहे. चार गुरूंची सवय झाल्यावर लघूने सुरू होणारी ओळ दचकवते, आणि पूर असाच येतो:

नदीच उलटी शिरे घरघरांत ओट्यावरी

दांडियाबाजार: ओळ फार आवडली, विरोध मात्र कायम. आठव्या अक्षराला, ‘शिरे’वर, थांबलातच की! वाक्यही ओळीतच संपलं. पुढच्या ओळीत सांडलं नाही, तर पृथ्वी घेऊन मिळवलंत काय? सहाही ओळी टाका, मग बोलू.