फ्लोरिडाच्या स्प्रिंगमध्ये कार्ड नसेल तर गुहेत सोडतच नाहीत का?

ओला_पंजा
नमस्कार मंडळी, स्कूबा डायव्हिंगचा अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर (म्हणजे मोकळ्या पाण्यातला पुढचा) कोर्स झालाय, नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) पण, आत्तापर्यंत सगळं समुद्रातच केलंय. या हिवाळ्यात कामासाठी उत्तर फ्लोरिडात जायचंय, शनिवार-रविवार मोकळे आहेत, म्हणून पीकॉक स्प्रिंग्ज या झऱ्याच्या पाण्याखालच्या गुहांचं डोक्यात आहे. फोटो बघून वेड लागायची पाळी आलीये, पाणी आहे की नाही तेच कळत नाही इतकं नितळ. पण ज्याला विचारावं तो म्हणतो केव्हचं (गुहेतल्या डायव्हिंगचा कोर्स केल्याचं) कार्ड दाखव नाहीतर आत जायचं नाव काढू नको. आणि वर म्हणे ओपन वॉटरवाल्याने टॉर्चसुद्धा न्यायचा नाही!! अंधाऱ्या जागी टॉर्च नको हे कुठलं लॉजिक? मला काही किलोमीटरभर आत जायचं नाहीये हो, तोंडाशी 15-20 मीटर, उजेड दिसतोय तोवर, सोबत एखादा जाणता माणूस. काय बिघडतं? आणि वाकुला नावाच्या झऱ्यात स्कूबा करता येतं का, तिथे काचेच्या तळाच्या बोटी असायच्या असं ऐकलंय.

सायफन
टॉर्चचा नियम तुम्हाला वेडगळ वाटतोय पण माझ्या मते सगळ्या नियमांत तोच सगळ्यात हुशार आहे. टॉर्च नसेल तर उजेड संपतो तिथे माणूस आपोआप मागे फिरतो, कुणी सांगावं लागत नाही. हातात टॉर्च असला की पुढचं वळण दिसतं, मग त्याच्या पुढचं, आणि "जरा बघून येऊ" म्हणत कुठवर आलो ते मागे वळून पाहिल्यावरच कळतं. तिथल्या गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलेली असते, त्यावर लिहिलंय की अशाच गुहांमध्ये 300 हून जास्त डायव्हर मेलेत आणि त्यात ओपन वॉटरचे इन्स्ट्रक्टरसुद्धा आहेत. म्हणजे समुद्रातला अनुभव इथे चालत नाही हे पाटीच सांगते.

आता तुमचे 15 मीटर. पीकॉकला प्रवाह फार कमी आणि तळाला बारीक गाळ. समुद्रात मारतो तशी वरखाली फिन मारली की गाळ उठतो. न मारली तरी तुमचे बुडबुडे छताला लागून तिथला गाळ खाली पाडतात. काही सेकंदांत ताकात डोकं घातल्यासारखं होतं, टॉर्च मास्कला टेकवला तरी फक्त पांढरं दिसतं. उजेड आहे पण दिसत नाही, वर जावं तर वर दगड. अशा वेळी हाताला दोरी लागली तरच बाहेर. आणि कायमची बसवलेली मेन लाईन (तिकडे गोल्ड लाईन म्हणतात) बऱ्याच गुहांत तोंडापाशी नसतेच, मुद्दाम आत सुरू करतात, म्हणजे कुणी हौशी माणूस तिला धरून आत शिरू नये. उघड्या पाण्यापासून तिथपर्यंत स्वतःच्या रीलने (दोरी गुंडाळलेल्या फिरकीने) दोरी टाकत जायची असते. तुमच्याकडे रील आहे का, आणि असली तरी डोळे मिटून तिच्यावरून बाहेर यायची सवय आहे का?

मोकळंपाणी
दादा घाबरवताय का सल्ला देताय? मला विचाराल तर यातलं निम्मं कार्डाचं राजकारण आहे. एक कोर्स, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येकाची फी वेगळी, आणि मग ठरावीक लोकांनाच चांगल्या जागा. झरा निसर्गाचा आहे, कुणाच्या बापाचा नाही.

तरी ओला_पंजा, तुम्हाला टॉर्च घेऊन जाता येईल अशी एक जागा आहे, जिनी स्प्रिंग्ज या झऱ्यातली 'बॉलरूम' नावाची जागा. ओपन वॉटरवाल्यांना तिथे परवानगी असते कारण मागे जिथून पुढे गुहा सुरू होते तिथे लोखंडी जाळी पक्की बसवलीये, आत शिरायचं म्हटलं तरी शिरता येत नाही. जाळीला हात लावला की आतून येणारा पाण्याचा जोर कळतो, भारी वाटतं. पण त्याच आवारात डेव्हिल्स आय आणि डेव्हिल्स इअर ही गुहेची तोंडं आहेत, तिकडे तुम्हाला टॉर्च नाही.

गाळखोर
@मोकळंपाणी झरा कुणाच्या बापाचा नाही हे ठीक पण झऱ्याकडे जाणारी जमीन नक्कीच कुणाच्या तरी बापाची असते 😄 जिनी खासगी आहे, पीकॉक स्टेट पार्क आहे, काही झरे तर डायव्हिंगच्या संस्थांनी स्वतः विकत घेऊन ठेवलेत, नाहीतर ते कधीच बंद झाले असते. मालकाला तुमच्या छंदाशी देणंघेणं नसतं, त्याच्या जागेत प्रेत निघालं की तो दुसऱ्या दिवशी कुलूप लावतो, आणि मग वीस वर्षं नीट डायव्हिंग करणारेही बाहेर. कार्ड तपासणं ही त्याची भीती कमी करायची किंमत आहे.

ऑस्ट्रेलियात माउंट गँबियरला हेच झालं. 1973 मध्ये 'द शाफ्ट' नावाच्या सिंकहोलमध्ये (जमीन खचून झालेल्या पाण्याच्या खड्ड्यात) एकाच वेळी चार जण गेले, दोरी नव्हती. शेतात एक छोटंसं भोक, खाली प्रचंड पाणी, वरून येणारा उन्हाचा एकच झोत, त्या झोतापासून खोलवर सरकले आणि परतीची वाट सापडली नाही. सगळंच बंद करा अशी ओरड झाली. त्याच वर्षी डायव्हर लोकांनी सीडीएए ही केव्ह डायव्हरांची संघटना काढली, स्वतःच परीक्षा घेऊन रेटिंग द्यायला लागले, कुठल्या रेटिंगला कुठलं पाणी ते ठरलं. म्हणून ते झरे आज उघडे आहेत. यात राजकारण असेलही थोडं, पण हे नसतं तर कुंपण असतं.

वाकुला विसरा. ते स्टेट पार्क आहे, हौशी स्कूबा नाही, संशोधनाच्या परवान्यावरच आत जातात. तिथले बोगदे 80-90 मीटर खोल आहेत, 2007 मध्ये दोन डायव्हर टर्नर सिंकमधून शिरून वाकुलातून बाहेर पडले, साधारण 11 किलोमीटर पाण्याखालून, आणि नंतर डीकॉम्प्रेशनचे (थांबत थांबत हळू वर येण्याचे) कितीतरी तास. आपण वरून बघावं.

अजून एक, हिवाळ्यात जाताय तर ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क धरू नका. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत मॅनटी (समुद्रगायी) उबेला येतात, तेव्हा पाण्यात उतरायला सगळ्यांनाच बंदी.

ओला_पंजा
बरं, टॉर्चचं पटलं. पण हवेचं काय, थर्ड्सचा नियम वाचला, एक तृतीयांश आत, एक तृतीयांश बाहेर, उरलेली राखीव. हे तर सोपं आहे की, यासाठी कोर्स कशाला?

सायफन
गणित सोपंच आहे. टाकीत 180 बार (हवेचा दाब) भरलेत तर 120 ला फिरायचं. पण राखीव साठ बार तुमच्यासाठी नसतात, पार्टनरचे असतात. तो सगळ्यात आतल्या टोकाला असताना त्याची हवा गेली तर तुमच्यातून दोघांनी बाहेर यायचंय, घाबरलेला माणूस दुप्पट ओढतो, आणि अरुंद जागेत शेजारी शेजारी पोहता येत नाही. म्हणून सात फुटांची लांब नळी असते, एकामागे एक जाता यावं म्हणून.

शिवाय पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघा. स्प्रिंगमध्ये जाताना प्रवाह अंगावर येतो, येताना ढकलतो, म्हणजे परत यायला कमी हवा लागते. सायफनमध्ये (जिथे पाणी आत ओढलं जातं) बरोब्बर उलटं, जाताना मजेत जाता आणि येताना दम निघतो, तिथे थर्ड्स पुरत नाही. आणि एकच झरा दोन्ही असू शकतो! सुवानी नदीला पूर आला की काठचे काही झरे उलटे वाहायला लागतात, नदीचं चहाच्या रंगाचं पाणी गुहेत शिरतं. म्हणून तिकडची मंडळी निघायच्या आधी नदीची पातळी बघतात. कोर्समध्ये हे शिकवतात, आणि हे सगळं मास्क काढून, दिवे बंद करून, नळी दुसऱ्याच्या तोंडात देऊन करायला लावतात.

मोकळंपाणी
ठीक आहे, सात फुटी नळीचं मलाही माहीत नव्हतं. फीचं मत मात्र तेच.

गाळखोर
फी जास्त आहेच, त्यात वाद नाही.

ओला_पंजा, माझं ऐकाल तर एका वीकेंडला फक्त कॅव्हर्न कोर्स करा, साधारण दोन दिवसांचा असतो. कॅव्हर्न म्हणजे उजेड दिसतो तेवढाच भाग, पृष्ठभागापासून किती अंतर ते संस्थेप्रमाणे बदलतं, कुठे 130 फूट कुठे 200, खोली धरून. तुम्हाला जे 15-20 मीटर हवेत ते यातच येतात, तेही दोरी, रील आणि दिव्यासकट, रीतसर. पुढचं इंट्रो केव्ह, फुल केव्ह आवडलं तर बघा. जायच्या आधी पूलमध्ये फ्रॉग किक (बेडकासारखे पाय बाजूला मारणं, म्हणजे गाळ उठत नाही) पक्की करून जा आणि जागेवर स्थिर तरंगता येतंय का बघा, निम्मा कोर्स त्यातच जातो. पाणी वर्षभर 22 डिग्रीच्या आसपास असतं पण कोर्समध्ये तासतासभर जवळपास न हलता राहता, तेव्हा समुद्रातला 3 मिलीचा सूट नेऊ नका.

ओला_पंजा
पूल शोधायला घेतला. फ्रॉग किक करताना गुडघे किती वाकवायचे, सरळ 90 अंशात का?

सायफन
साधारण तेवढेच, मांड्या शरीराच्या रेषेत आणि फिनची पाती तळापेक्षा वर. फोनवर कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा आणि इथे टाका, बघून सांगतो.