वेलिंग्टन ते पिक्टन फेरी, कॅम्परव्हॅन आणि सासूबाई: कोणी केलंय का?

कारेलीबागची सून

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही तिघं न्यूझीलंडला चाललोय. मी (वय 54, बँकेतून नुकतीच सुटलेली), यजमान आणि सासूबाई, वय 76. यजमानांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे गाडी पूर्ण वेळ मी चालवणार. ज्यांना "मिस्टर नाही चालवत का?" असं विचारायचंय त्यांनी कृपया दुसरा धागा बघावा, सोसायटीत चाळीस वेळा उत्तर देऊन झालंय.

बेत असा. ऑकलंडला विमान बदलून वेलिंग्टन. कॅम्परव्हॅन (आतच झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने देणाऱ्या सगळ्यांचा डेपो वेलिंग्टनला नसतो, पण शोधून एक सापडला. तिथे व्हॅन ताब्यात घ्यायची, त्याच दुपारी फेरीवर चढवायची आणि संध्याकाळी पिक्टन. मग दक्षिण बेटावर तेरा रात्री, शेवट ख्राइस्टचर्चला. व्हॅन चार जणांची, सात मीटरच्या आसपास, डिझेल. बडोद्यात मी आजवर चालवलेली सगळ्यात मोठी गाडी म्हणजे भावाची इनोव्हा.

बोटीचा अनुभव आहे, पण तोच तर प्रश्न आहे. माझी नणंद भावनगरला असते. हजिरा-घोघा रो-रो (गाड्यांसकट माणसं नेणारी बोट) 2020 साली सुरू झाली तेव्हापासून सासूबाईंच्या मनात होतं की एकदा समुद्रावरून लेकीकडे जायचं. रस्त्याने 370 किलोमीटर, पाण्यावरून 90, हे त्यांनी पेपरात वाचून पाठ केलेलं. गेल्या डिसेंबरात गेलो. खंभातचं आखात म्हणजे काय, थंड झालेला चहा. लाट नावाला नव्हती. तरी दुसऱ्या तासाला त्यांना बोट लागली. आलेपाक झाला, लिंबू झालं, शेवटी पदर तोंडावर घेऊन घोघ्यापर्यंत रामरक्षा. परत येताना नणंदेने त्यांना बसमध्ये बसवलं. आमची फेरी ओलांडणार त्या कुकच्या सामुद्रधुनीचे व्हिडिओ बघितल्यापासून माझ्याच पोटात कालवतंय.

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती मीच ओढवून घेतली. हौसेने त्यांना व्हॅनचा आतला व्हिडिओ दाखवला. ओटा, ओट्याला लागून एक अरुंद दार, दारामागे संडास. त्यांनी व्हिडिओ थांबवायला लावला, स्क्रीनवर दोन बोटांनी अंतर मोजलं. "म्हणजे इकडे कुकरची शिट्टी आणि तिकडे..." पुढचं बोलल्या नाहीत. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या नाहीत हो. न्याय मंदिराजवळ उभ्याने सेव-उसळ खातात, वर तिखट तरी मागून घेतात. पण शिजतं तिथे ते नको, यावर ठाम. मग विचारलं, "आणि ते भरलं की ओतणार कोण?" यजमानांनी वर्तमानपत्र उघडलं.

तर विचारायचं एवढंच: पहिल्याच दिवशी नवी गाडी, बोट आणि सासूबाई हे तिन्ही एकत्र करावं का? की व्हॅन पिक्टनच्या पुढेच घ्यावी?

मांडवीखालचा

ताई, आम्ही 2023 च्या मार्चमध्ये हेच केलं. मी, बायको आणि दहावी संपवून बसलेली मुलगी. म्हातारं माणूस बरोबर नव्हतं, पण माझी बायको दोन म्हाताऱ्यांना भारी आहे, त्यामुळे अनुभव ग्राह्य धरावा.

त्याच दिवशी बोट नको. यावर चर्चासुद्धा नको. डेपोत तुम्हाला अर्धा तास सगळं दाखवतात: हे पाण्याचं झाकण, हे डिझेलचं (दोन्हींत घोटाळा करू नका), इथून सांडपाणी सोडायचं, ही गॅसची टाकी. तुम्ही मान डोलावता आणि बाहेर पडताच सगळं विसरता. आम्ही पहिली रात्र वेलिंग्टनजवळ हॉलिडे पार्कमध्ये (अशा गाड्या लावून मुक्काम करायची जागा) काढली. गाडी उभीच. प्रत्येक कपाट उघडून बंद केलं, कुठलं नीट अडकत नाही ते बघितलं. पहिल्या वळणावर ताटं-वाट्या अंगावर येतात त्या याच कपाटातून.

आता बोटीवर चढवण्याची भीती. ती अजिबात नको. रांगेत उभं राहायचं, जॅकेटवाली माणसं हाताने दाखवतात, सरळ आत जायचं. आमच्या पुढे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक, मागे मेंढ्यांचा ट्रक. मेंढ्यांचा वास मात्र लक्षात ठेवा, नंतर कामाला येईल, व्हॅनच्या संडासाबद्दल तक्रार राहणार नाही. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक कचकचून, गॅस टाकीवरच बंद आणि गाडीचा अलार्म बंद. आमच्या शेजारच्याने अलार्म तसाच ठेवला होता. जहाज डोललं की गाडीला वाटतं चोर आला. भोंग्यावर त्याच्या गाडीचा नंबर पुकारला तेव्हा तो बिचारा वर बटाट्याचे तळलेले काप खात होता.

सगळ्यात महत्त्वाचं: एकदा बोट सुटली की खाली गाडीपाशी जाऊ देत नाहीत. औषधं, शाल, पाण्याची बाटली, सासूबाईंची जपमाळ, सगळं एका पिशवीत घेऊनच वर जा. बायकोचा चष्मा खाली राहिला आणि साडेतीन तास मी तिला देखावा वर्णन करून सांगितला. त्यात मी कमी पडलो, हे मला अजूनही ऐकवलं जातं.

तिकीट गाडीच्या लांबीवर असतं. मागे सायकलचा स्टँड वगैरे असेल तर तोही धरून लांबी सांगा. भाड्याच्या छोट्या मोटारी बऱ्याच कंपन्या वेलिंग्टनला ठेवून पिक्टनला दुसरी घ्यायला सांगतात, कॅम्परव्हॅन मात्र बहुतेक बरोबर नेऊ देतात. करारात एकदा बघून घ्या.

आता संडास. सासूबाईंना एकच गोष्ट सांगा: टाकी आतून येत नाही. तिला कॅसेट म्हणतात, आणि ती काढायचं झाकण व्हॅनच्या बाहेरच्या अंगाला असतं, छोट्या कुलपाच्या दारामागे. बाहेरूनच काढायची, चाकावर ओढत डंप स्टेशनवर (घाण ओतायची ठरलेली जागा) न्यायची, ओतायची, धुवायची, बाहेरूनच परत ढकलायची. ओट्यासमोरून काहीही जात नाही. माझ्या बायकोचं तोंड यावरच मोकळं झालं. शिवाय आमच्या घरचा नियम होता, आत फक्त एक नंबर, तेही रात्री. बाकी हॉलिडे पार्कमध्ये स्वच्छ संडास, गरम पाण्याची न्हाणीघरं आणि मोठं सामाईक स्वयंपाकघर असतं, चार शेगड्या, ओव्हन, सगळं. तिथे कुकर लावला की शिट्टी ऐकून दोन जर्मन पोरं पळत आली होती.

ओतायचं काम मी केलं. लांब रबरी हातमोजे, नाकाला रुमाल, वाऱ्याची दिशा बघून. पहिल्या दिवशी पाच मिनिटं लागली, शेवटच्या दिवशी दीड. साहेबांना सांगा, यात गुडघा लागत नाही.

वाऱ्याचं गाव

मी मूळची ग्वाल्हेरची, लष्करची. अकरा वर्षं वेलिंग्टनला आहे. फेरीबद्दल दोन शब्द.

अंतर 92 किलोमीटरच्या आसपास, वेळ साडेतीन तास. पण सगळा वेळ उघडा समुद्र नसतो, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. आधी वेलिंग्टनचं बंदर, चारी बाजूंनी टेकड्या. मग तोंडातून बाहेर पडलं की खरी सामुद्रधुनी, साधारण तासभर. हलायचं ते इथेच. त्यानंतर बोट टोरी चॅनेलच्या अरुंद फटीतून आत शिरते आणि पाणी एकदम परातीतल्यासारखं होतं. शेवटचा तासभर क्वीन शार्लट साउंडमधून, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, पाण्याशी एकेकटी घरं, ज्यांना रस्ताच नाही, टपालसुद्धा बोटीने येतं. हा तास झोपून घालवू नका.

गोळी घ्यायची असेल तर बोट हलायच्या आधी, पोट ढवळल्यावर नाही. कुठली ते इथल्या नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा, बीपीची औषधं असतीलच. उपाशी पोटी नेऊ नका, कोरडं काहीतरी खायला द्या. जागा बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर, क्षितिज दिसेल अशी. पुढच्या टोकाची मोठी काच बघून सगळे तिकडे धावतात आणि तिथेच सगळ्यात जास्त झोके असतात. घोघ्याच्या बोटीत त्या खाली मान घालून रामरक्षा म्हणत होत्या ना? इथे डोळे उघडे ठेवून म्हणू देत.

आणि दक्षिणेचा वारा सुटला तर फेरी रद्द होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये अराटेरे ही रेल्वेचे डबे नेणारी बोट निवृत्त झाली, नव्या दोन 2029 मध्ये यायच्या आहेत. मधल्या काळात जागा कमी, त्यातून फेब्रुवारीत गर्दी. मोठ्या व्हॅनची जागा आधी भरते. आत्ताच काढा आणि ख्राइस्टचर्चच्या परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

कारेलीबागची सून

मांडवीखालचे दादा, बाहेरच्या झाकणाचा फोटो शोधून दाखवला. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातल्यासारखं." दांडिया बाजारातल्या त्यांच्या माहेरी टोपलीचा संडास होता आणि त्याचं दार मागच्या बोळात उघडायचं. हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्या बोळातून कोण यायचं, तिचं नाव काय होतं, तिच्याशी बोलायचं नाही अशी ताकीद कशी असायची, हेही सांगितलं. सांगता सांगता गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आपलं आपण ओतू. मी पण धरीन."

यजमानांचं वर्तमानपत्र तेव्हा खाली आलं.

ताई, टोरी चॅनेलचं त्यांना सांगितलंय. फक्त तास धरायचा, म्हणजे रामरक्षा किती वेळा, याचा हिशोब चालू आहे. एक रात्र वेलिंग्टनला वाढवली.

इंदुरी जिरावण

काकू, बाकी सगळं वर आलंय, मी खाण्याचं आणि रस्त्याचं सांगतो. आम्ही इंदूरचे, शेव नेल्याशिवाय विमानात बसत नाही.

विमानतळावर जैविक तपासणी कडक आहे. खाण्याचा पदार्थ असेल तर फॉर्मवर "हो" लिहायचंच. लिहिलं आणि चालत नसेल तर फक्त तो पदार्थ जातो. लपवलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. माझ्या शेवेची पाकिटं आणि जिरावण मसाल्याची डबी त्यांनी उलटून बघितली आणि हसून परत दिली. आईची मधात कालवलेली सितोपलादी मात्र घेतली. मध अजिबात चालत नाही. सासूबाईंच्या औषधांच्या पिशवीत आधी बघा. लीलो चेवडो नेणार असाल तर सीलबंद पाकीट न्या.

डिझेल पंपावर स्वस्त दिसतं, फसू नका. पेट्रोलवरचा रस्ताकर पंपावरच भरला जातो, डिझेलचा वेगळा, किलोमीटरवर. हलक्या गाडीला 1000 किलोमीटरला 76 डॉलर, आणि भाडेवाले आपल्या हिशोबाने शेवटी वसूल करतात. तो आकडा आधीच विचारा. मला परतीच्या दिवशी कळला.

गाडी डावीकडूनच, त्यामुळे तुम्हाला सोपं. खरी परीक्षा एकपदरी पुलांची. गोल पाटी, लाल काठ, आणि तुमचा बाण छोटा तांबडा: थांबा, समोरच्याला येऊ द्या. निळी चौकोनी पाटी, तुमचा बाण मोठा पांढरा: आधी तुम्ही. आणि मागे चार गाड्या साचल्या की बाजूला घेऊन जाऊ द्यायच्या. आपल्याकडे हे सुचत नाही, तिथे न केलं तर लोक मनातून शिव्या देतात.

चालत्या गाडीत सासूबाईंना चहा करायला उठू देऊ नका, प्रत्येकाला पट्टा लावून बसावंच लागतं. मिक्सर, किटली, राइस कुकर हे पार्कच्या विजेला जोडल्यावरच चालतं. मध्येच कुठे निसर्गात थांबलात तर फक्त गॅस आणि दिवे. तसं कुठेही थांबताही येत नाही बरं का. 2023 च्या कायद्यानंतर पक्का बसवलेला संडास असलेल्या गाडीलाच अशा मोकळ्यावरच्या मुक्कामाचं हिरवं प्रमाणपत्र मिळतं, काचेवर लावलेलं आहे ना ते ताबा घेतानाच बघा.

पिक्टनहून कैकौराला जाताना ब्लेनहाइमच्या पुढे ग्रासमियरची मिठागरं लागतात, पाणी गुलाबी दिसतं. खंभातकडची मिठागरं बघितलेल्या माणसाला घरचं वाटेल. पुढे समुद्र रस्त्याला चिकटून, ओहाऊ पॉइंटला खडकावर सीलची पिल्लं. हाच रस्ता 2016 च्या नोव्हेंबरातल्या 7.8 च्या भूकंपात गाडला गेला होता, खुला व्हायला वर्षाहून जास्त लागलं. सीलपाशी गाडी उभी करायला जागा आहे, तिथेच थांबा, वळणावर नको.

कारेलीबागची सून

सगळ्यांचे आभार. फेरीचं तिकीट काढलं, लांबी 7.2 मीटर लिहिली. मधाची बाटली सापडली, दोन सापडल्या.

आता एकच. सात मीटरची गाडी पार्कच्या जागेत रिव्हर्समध्ये लावायचा सराव बडोद्यात कुठे करू?

मांडवीखालचा

नवलखी मैदान, रविवारी सकाळी सहाला. माझ्या मावसभावाची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन येतो. साहेबांना मागे उभं करून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला लावा, गुडघ्याला तेवढं चालेल.

कारेलीबागची सून

सासूबाई विचारतायत, त्यांनी पण यायचं का. थर्मासमध्ये चहा आणतील.