मदत हवी आहे : जुन्या ट्रकचं स्टेअरिंग ढिलं, स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचा गिअरबॉक्स) उघडावा की बदलावा?

रावेरहून केळी भरणारी सहा टायरची जुनी गाडी आहे, पॉवर स्टेअरिंग नाही. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही. रिकामी गाडीसुद्धा सरळ रस्त्यावर सतत सावरावी लागते. भरलेली गाडी सध्या काढतच नाही, तेवढी जोखीम नको.

ड्रॅग लिंक आणि टाय रॉड (बॉक्सपासून चाकांपर्यंत ओढ नेणारे दांडे) यांचे एंड नवे टाकले. किंग पिन, बुश, व्हील बेअरिंग जॅकवर उचलून तपासले, ठीक आहेत. टायरची हवा आणि पाट्याचे यू-बोल्टही पाहिले. मग क्लीनरला स्टेअरिंग हलवायला लावून मी खाली झोपून पाहिलं: कॉलमचा जॉइंट लगेच फिरतो, बॉक्समध्ये जाणारा शाफ्टही फिरतो, पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येऊन ड्रॅग लिंक हलवणारा दांडा) उशिरा हलतो. म्हणजे ढिलेपणा बॉक्सच्या आतच आहे, असं मला वाटतं. तेल भरलेलं आहे, सीलमधून थोडं पाझरतं.

मेस्त्रीने चाकं सरळ ठेवून वरचा ॲडजस्टिंग स्क्रू थोडा आवळला. मधला प्ले (ढिलेपणा) कमी झाला, पण वळणावर स्टेअरिंग जड झालं आणि आपोआप मागे येईना, म्हणून स्क्रू पुन्हा सैल केला. आता एक जण म्हणतो सेक्टर शाफ्ट (बॉक्समधला, ड्रॉप आर्म फिरवणारा शाफ्ट) आणि त्याचे बुश बदल, दुसरा म्हणतो अख्खा बॉक्सच टाक. नव्या बॉक्सचं बजेट नाही.

या लक्षणांवरून आतलं नेमकं काय झिजलं असेल? आणि जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात बॉक्स उघडून नीट बसवणारं खात्रीचं गॅरेज कोणतं?